टायमिंग चेन घरी बदलताना : इंजिनातलं गुणोत्तर आणि एका दाताची चूक



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात तीन दिवस आमची जुनी पेट्रोल गाडी उघडी पडली होती. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "सर, शाळा सोडून गॅरेज टाकलं का काय?" गॅरेज टाकलं नव्हतं. गाडीची टायमिंग चेन बदलायची होती आणि हे काम एकदा स्वतः करून बघायचं असं मी ठरवलं होतं. मदतीला माझा एक जुना विद्यार्थी होता. तो आता मेकॅनिक आहे. आणि माझी नववीतली मुलगी होती.

त्या तीन दिवसांत मला गणिताचे चार आणि विज्ञानाचे तीन पाठ सापडले. एक चूकही झाली, ती माझीच. ती वेळेवर सापडली नसती तर काम सगळं पुन्हा करावं लागलं असतं. म्हणून आजचा लेख या कामावर. चेन म्हणजे काय, ती का बदलावी लागते, घरी बदलता येते का आणि यातून वर्गात काय शिकवता येतं, हे एकेक करून बघू.

टायमिंग चेन म्हणजे नेमकं काय?

आपण मुलांना चार-स्ट्रोक इंजिन शिकवतो. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोल आत येतं. वर येतो तेव्हा ते दाबलं जातं. ठिणगी पडते आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो तेव्हा जळलेला धूर बाहेर जातो. निकोलाउस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली असं चालणारं इंजिन बनवलं आणि आजही पेट्रोल गाड्या त्याच क्रमाने चालतात.

पण इथे एक गोष्ट पुस्तकात पटकन निसटून जाते. हवा आत येण्याचं दार आणि धूर बाहेर जाण्याचं दार, म्हणजे व्हॉल्व्ह, ही दारं नेमक्या वेळी उघडतं कोण? पिस्टन खाली क्रँकला जोडलेला असतो. व्हॉल्व्ह वर असतात, त्यांना कॅम नावाचा अंड्यासारख्या उंचवट्यांचा दांडा दाबतो. खालच्या क्रँकने वरच्या कॅमला फिरवायचं असतं, तेही ठरलेल्या मापाने. हा निरोप वर पोचवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन.

वर्गात सांगताना मी शाळेचंच उदाहरण देतो. समजा एका अरुंद दारातून सकाळच्या सत्राची मुलं बाहेर पडतात आणि दुपारच्या सत्राची आत येतात. दोन्ही घंटा बरोबर असतील तर सगळं सुरळीत. एक घंटा दहा मिनिटं सरकली की दारातच टक्कर. इंजिनातही तसंच आहे. व्हॉल्व्ह उघडला की खाली पिस्टनच्या जागेत उतरतो. पिस्टन वर यायच्या आत त्याने मागे सरकायला हवं. बऱ्याच आधुनिक इंजिनांत दोघांची जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. चेन तुटली किंवा बरीच सरकली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. एका साखळीच्या कामाचं मग निम्म्या इंजिनाचं काम होऊन बसतं.

सगळ्या गाड्यांना चेन असते का?

नाही. हा प्रश्न मुलं विचारतातच, म्हणून उत्तर तयार ठेवा.

आपल्या गंगापूर तालुक्यातल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. आपल्याकडच्या अनेक घरांचे कर्ते लोक तिथे आणि आजूबाजूच्या कारखान्यांत कामाला जातात. त्या काळात घरोघरी दिसणारी बजाजची चेतक स्कूटर दोन-स्ट्रोक होती. तिच्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नव्हते. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं, ती पिस्टन स्वतःच झाकायचा आणि उघडायचा. व्हॉल्व्ह नाहीत म्हणून कॅम नाही, कॅम नाही म्हणून टायमिंग चेन नाही. १९८५ सालीच आलेली हिरो होंडा सीडी १०० मात्र चार-स्ट्रोक होती, तिच्यात छोटी कॅम चेन होती. आज गावात दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत ती आहे. आणि २०२० साली विजेवर चालणारी चेतक आली तेव्हा इंजिनच गेलं, त्यामुळे चेनचा प्रश्नच मिटला.

मोटारींत पाहिलं तर जुन्या ॲम्बॅसॅडरला आणि प्रीमियर पद्मिनीला चेन होती. कॅम खालीच असल्याने ती आखूड होती. मारुती ८०० ला रबरी टायमिंग बेल्ट होता. नंतरच्या मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत पुन्हा चेन आली. बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. चेन तेलात चालते, नीट सांभाळली तर इंजिनाइतकीच टिकते. खरी अडचण या "नीट सांभाळली तर" मध्येच आहे.

दोनास एक

आता गणिताकडे. चार स्ट्रोक म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या. तेवढ्या वेळात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणजे क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे. हे कसं जमवायचं? क्रँकच्या चाकाला जितके दात, त्याच्या दुप्पट कॅमच्या चाकाला. बस, एवढंच.

समजा क्रँकच्या चाकाला १८ दात आणि कॅमच्या चाकाला ३६ दात आहेत. मुलांना विचारा :

* कॅमच्या चाकाचा एक दात म्हणजे किती अंश? ३६० भागिले ३६, म्हणजे १० अंश.
* चेन एक दात सरकली तर क्रँकच्या हिशेबाने किती अंशांची चूक? ३६० भागिले १८, म्हणजे २० अंश.
* इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला किती वेळा उघडतो? ३००० चे निम्मे १५००, भागिले ६०, म्हणजे २५ वेळा.

सेकंदाला २५ वेळा! हे उत्तर आलं की वर्ग एकदम गप्प होतो. मग पुढचा प्रश्न. गाडी १ लाख किलोमीटर चालली, सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर आणि इंजिनाचे फेरे सरासरी मिनिटाला २००० धरले, तर क्रँक एकूण किती फिरला? २००० तास, म्हणजे १ लाख २० हजार मिनिटं, गुणिले २०००. उत्तर २४ कोटी. एवढ्या फेऱ्या त्या साखळीने सोसलेल्या असतात.

चेन "लांबते" म्हणजे काय?

गॅरेजमध्ये म्हणतात, "चेन लांबली." मुलांना वाटतं रबरासारखी ताणली. तसं होत नाही. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती छोटी नळी. दोन्ही एकमेकींवर घासतात. प्रत्येक सांध्यात केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी झीज होते. पण सांधे शंभराच्या वर असतात. समजा १३० सांधे आणि प्रत्येकी ०.०४ मिलिमीटर झीज. १३० गुणिले ०.०४ म्हणजे ५.२ मिलिमीटर. झीज डोळ्यांना दिसत नाही, पण साखळी अर्धा सेंटिमीटर सैल झाली.

पिन, नळी आणि रोलर असलेली ही साखळी हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस कारागिराने इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १८८० साली बनवली. सायकलची चेन त्याच जातीची. म्हणून हा भाग शिकवायला गाडी उघडायची गरज नाही, शाळेच्या आवारात उभी असलेली सायकल पुरते. त्याचा उपक्रम लेखाच्या शेवटी दिला आहे.

सैल झालेली साखळी ताणून धरायला टेन्शनर असतो. एक छोटा दट्ट्या, तो बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइलच्या दाबाने पुढे सरकतो आणि प्लास्टिकच्या पट्टीला, म्हणजे गाइडला, साखळीवर दाबून धरतो. ऑइल कमी असेल, जुनं झालं असेल, त्यात कचरा साठला असेल तर दट्ट्या नीट दाबत नाही, साखळी फडफडते आणि गाइड घासतात. म्हणजे चेनचं आयुष्य ऑइलवर आहे. आमच्या गाडीचं ऑइल दोन वेळा फार उशिरा बदललं गेलं होतं. एकदा परीक्षेच्या गडबडीत, एकदा नुसत्या आळसात. दोष दुसऱ्या कुणाला देऊन उपयोग नाही.

लक्षणं कोणती?

* सकाळी गार इंजिन सुरू केलं की पहिले काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज, मग बंद.
* हा आवाज दिवसेंदिवस जास्त वेळ टिकू लागतो.
* डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की पी-००१६ सारखा कोड दिसतो. त्याचा अर्थ, क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही.
* पिकअप कमी, मायलेज कमी, गाडी थांबलेली असताना इंजिन थरथरतं.

आवाज आला म्हणजे चेनच, असं नाही. ऑइलची पातळी आधी बघावी. आम्हीही आधी ऑइल आणि फिल्टर बदलून पाहिला. आवाज राहिला आणि दिवा लागला, तेव्हाच चेनचा निर्णय घेतला.

घरी करावं का?

प्रामाणिक उत्तर सांगतो. पहिल्यांदा एकट्याने करू नये. ज्याने हे काम आधी केलंय असा माणूस शेजारी हवाच. मी विद्यार्थ्याला फोन केला तेव्हा तो लगेच म्हणाला, "सर, एकट्यानं नका करू बरं का. रविवारी मी येतो. तोवर फक्त सामान आणून ठेवा." माझा एवढा उत्साह त्याने एका वाक्यात जागेवर आणला.

काही इंजिनं घरी उघडूच नयेत. उदाहरणार्थ फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन. ते पुण्याजवळ रांजणगावलाही बनत होतं आणि फियाट, टाटा, मारुती अशा तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. त्यात टायमिंग धरून ठेवायला खास लॉकिंग पिना लागतात. काही इंजिनांत क्रँकच्या चाकाला चावी नसते, ते नुसतं बोल्टच्या आवळणीवर टिकतं. बोल्ट सोडला की टायमिंग गेलं. अशा वेळी गॅरेजच बरं. आणि ज्या गाडीवर घरची रोजी चालते, ती तीन दिवस उघडी ठेवणं परवडेल का, हाही हिशेब आधी करावा.

तयारी

सर्वांत आधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. खुणा कुठे, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे प्रत्येक इंजिनात वेगळं असतं. या लेखात मी क्रम समजावतो आहे, मापं मॅन्युअलमधलीच घ्यावीत.

सामान : नवीन चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, दातेरी चाकं, क्रँकचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, कव्हर चिकटवायची सिलिकॉन पेस्ट, नवीन ऑइल आणि फिल्टर. हे सगळं आम्ही संभाजीनगरहून आणलं. नुसती चेन बदलून जुना टेन्शनर ठेवू नये. एवढं उघडायचं तर सगळा संच नवा.

हत्यारं : गोटी पाने, लांब टॉमी, टॉर्क पाना, पुली धरायचं हत्यार, पुलर, जॅक आणि लोखंडी स्टँड.

आता जागा. आपल्याकडे काळी माती. वरून कडक दिसते, पण वजन आलं की जॅक कलतो. गाडी फरशीवर किंवा काँक्रीटवरच उभी करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटासाठीही जाऊ नका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी लोखंडी स्टँडवर, मग हलवून बघायची. मुलीला मी एकच नियम सांगितला होता : गाडीखाली यायचं नाही आणि मी गाडीखाली असताना गाडीला हात लावायचा नाही. पालकहो, मुलांना दाखवायचं असेल तर हा नियम पहिला.

कामाचा क्रम

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑइल एका टबमध्ये काढून घ्या.

२. पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लास्टिक काढा, फॅन बेल्ट काढा. इंजिनाचं त्या बाजूचं फाउंडेशन काढावं लागतं, म्हणून आधी ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाला आधार द्या.

३. कॉइल आणि प्लग काढा. प्लग काढले की सिलिंडरमध्ये दाब राहत नाही, इंजिन हाताने सहज फिरतं. वरचं टॅपेट कव्हर काढा. आता कॅम आणि चेन दिसते.

४. क्रँक पुलीचा बोल्ट सैल करा. सगळ्यात हट्टी बोल्ट हाच. इथे बलाच्या आघूर्णाचा पाठ आपोआप होतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचं वजन टांगल्याइतका जोर. पाना अर्धा मीटरचा असेल तर २० किलो. मुलीने आधी छोट्या पान्याने जोर लावून बघितला, मग लांब टॉमीने. तिला सूत्र पुन्हा सांगावं लागलं नाही. पुली हत्यारानेच धरा. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायचा जुगाड करू नका.

५. पहिला सिलिंडर टीडीसीवर आणा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर. पण पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा दाबताना, एकदा धूर काढताना. म्हणून नुसती क्रँकची खूण जुळून भागत नाही, कॅमच्या खुणाही बघायच्या. त्या जुळत नसतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा.

६. पुली काढा, मग टायमिंग कव्हर. याचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. ही युक्ती मुलीची. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटोही काढले.

७. टेन्शनर मागे दाबून त्यात पिन घाला, मग तो सोडा. गाइड काढा, चेन काढा. चेन काढल्यावर क्रँक किंवा कॅम मनाने फिरवू नका. आता दोघांना जोडणारं काही नाही, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर येऊ शकतात.

८. नवीन चेनवर काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. एक रंगीत कडी क्रँकच्या खुणेवर, बाकीच्या कॅमच्या खुणांवर. गाइड बसवा, टेन्शनर बसवा, पिन ओढा. टेन्शनर सुटला की साखळी ताठ होते.

९. क्रँक हाताने, इंजिन चालतं त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. सगळ्या खुणा पुन्हा तपासा. हा टप्पा कधीही सोडू नका. का, ते पुढे सांगतो.

१०. कव्हरच्या कडा खरवडून स्वच्छ करा, नवीन सील, सिलिकॉन पेस्टची सलग बारीक रेघ, मग बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने आणि मापाने. पेस्ट वाळायला सांगितला तितका वेळ द्या. नवीन ऑइल भरा. बॅटरी जोडा, पण पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून आधी थोडा स्टार्टर मारा, म्हणजे ऑइल टेन्शनरपर्यंत चढेल. मग फ्यूज लावून गाडी सुरू करा.

माझी चूक

आमच्या इंजिनात दोन कॅम आहेत, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. आठव्या टप्प्यावर मी चेन चढवत होतो. विद्यार्थी पाणी प्यायला घरात गेला होता. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत ढकलत असतात, त्यामुळे कॅम हातातून किंचित निसटला. मी तो परत आणला, चेन बसवली, टेन्शनरची पिन ओढली. वरून सगळं व्यवस्थित दिसत होतं.

मग दोन फेरे फिरवले. कुठेही अडलं नाही. क्रँकची खूण बरोबर आली, एका कॅमची बरोबर आली. दुसऱ्याची थोडी पुढे दिसत होती. मी म्हणालो, "जवळपास जुळलंय." तोवर तीन तास झाले होते, पाठ दुखत होती.

मुलगी म्हणाली, "पप्पा, जवळपास म्हणजे? मघाशी तुम्हीच म्हणालात ना, एक दात म्हणजे १० अंश. हे १० अंश आहेत." तिने पट्टी धरून दाखवलं. खूण बरोबर एका दाताने पुढे होती.

विद्यार्थी बाहेर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, ताई बरोबर आहे. काढायची पुन्हा."

पुन्हा टेन्शनर दाबला, पिन घातली, चेन उतरवली, कॅमला पाना लावून धरला आणि परत चढवली. दीड तास गेला. तशीच ठेवली असती तर काय झालं असतं? एका दाताने बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकत नाहीत. पण गाडी नीट ओढत नाही, दिवा पुन्हा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. दोन-तीन दातांची चूक असती तर नवीन व्हॉल्व्ह आणायची वेळ आली असती.

मला त्या दिवशी वेगळीच आठवण आली. वर्गात एखादा मुलगा उत्तर चुकवतो आणि म्हणतो, "सर, जवळपास आलंय ना?" तेव्हा आपण रागावतो. त्या मुलाचीही बहुतेक पाठच दुखत असते. ताळा करून बघण्याची सवय रागावून लागत नाही. चूक स्वस्त असताना ती सापडू देणारी पायरी आपल्या शिकवण्यात असावी लागते. इंजिनातले ते दोन हाताचे फेरे म्हणजे गणितातला ताळाच.

रंगीत कड्या परत का जुळत नाहीत?

दोन फेऱ्यांनंतर मुलीने अजून एक प्रश्न काढला. चाकांच्या खुणा परत जागेवर आल्या, पण चेनच्या रंगीत कड्या भलतीकडेच! मी घाबरलो. विद्यार्थी हसला, "त्या नाही येणार सर, ते असंच असतं." का असंच असतं, हे मात्र त्याला सांगता येईना. उत्तर लसाविमध्ये आहे.

वरचंच उदाहरण घ्या. चेनला १३० कड्या, कॅमच्या चाकाला ३६ दात. कॅमच्या एका फेरीत चेन ३६ कड्या पुढे सरकते. रंगीत कडी पुन्हा त्याच खुणेवर यायला ३६ आणि १३० यांचा लसावि इतक्या कड्या सरकल्या पाहिजेत. लसावि २३४०. म्हणजे कॅमचे ६५ फेरे, क्रँकचे १३०! रंगीत कड्या फक्त बसवतानाच्या खुणा. तपासायच्या त्या चाकांच्या खुणा. "सर, हे गणित शाळेत सांगितलं असतं तर मी लसावि विसरलो नसतो," असं तो म्हणाला. त्याला गणित मीच शिकवत होतो.

वर्गात करून बघण्यासारखं

*उपक्रम १ : सायकलची चेन मोजा.* एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असतं. जुन्या सायकलीची चेन मोजून फरक काढा. ३ मिलिमीटरने वाढली असेल तर झीज साधारण १ टक्का, चेन बदलायला आली. एका कडीमागे झीज किती? ३ भागिले २४, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर.

*उपक्रम २ : पुठ्ठ्याची चाकं.* एक चाक दुसऱ्याच्या दुप्पट परिघाचं करा, दोऱ्याने जोडा, दोघांवर खूण करा. छोटं दोनदा फिरलं की मोठं एकदा. मग दोरा मुद्दाम थोडा सरकवा आणि खुणा किती अंशांनी चुकल्या ते कोनमापकाने मोजा.

*उपक्रम ३ : लसावि शोधा.* कॅमला ४० दात आणि चेनला १२० कड्या असत्या तर रंगीत कडी किती फेऱ्यांनी परत आली असती? उत्तर मुलांनाच काढू द्या.

*उपक्रम ४ : पाहुणा बोलवा.* गावातल्या मेकॅनिकला एक तास वर्गात बोलवा. तो हाताने दाखवेल, कारण आपण सांगू.

पालकांसाठी दोन शब्द

काढलेलं जुनं ऑइल नालीत, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. जमिनीतलं पाणी आपलंच आहे. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते गोळा करणाऱ्यांकडे जातं. ऑइल वेळेवर बदला आणि महिन्यातून एकदा काडीने पातळी बघा. हे काम सातवीतली मुलंही शिकू शकतात.

आणि एक. "अभ्यास नाही केलास तर गॅरेजात जाशील," असं आपण मुलांना किती सहज म्हणतो. मीही म्हणालो आहे. आयटीआयमधला मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, त्यात मापनही आहे, आकृत्याही आहेत. अंशाची चूक खपवून न घेणारं काम कमी दर्जाचं कसं? माझ्या विद्यार्थ्याने तीन दिवसांचे पैसे घ्यायला नकार दिला. मी ते घ्यायला लावले. काम शिकवणाऱ्याची फी द्यावीच लागते, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

गाडी आता सकाळी गुपचूप सुरू होते. पुठ्ठ्यावर खोचलेल्या बोल्टांची ती आकृती मी शाळेच्या प्रयोगशाळेत लावली आहे. तुमच्या वर्गात सायकलच्या चेनचं माप किती आलं, ते नक्की कळवा.